सम तारखेचे अण्णा

एक नोव्हेंबरला सकाळी नगरपरिषदेचा आठचा भोंगा थांबला आणि हरणखेडच्या शिंपी गल्लीची दक्षिण बाजू निघून गेली. एकवीस घरं, त्यांतली माणसं, शिलाईची मशिनं, गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणि दोन कुत्री. त्यांच्या जागी सपाट, स्वच्छ जमीन राहिली. आठ वाजून पाच मिनिटांनी तिथं पहिली मोटारसायकल लागली आणि अकरा वाजेपर्यंत बाजारातल्या सगळ्या गाड्या ओळीनं उभ्या राहिल्या. गल्लीच्या मधून मालाचा ट्रकसुद्धा आरसा न घासता निघून गेला.

दोन तारखेला भोंगा थांबला तेव्हा दक्षिण बाजू आपल्या जागेवर होती आणि उत्तर बाजू गेलेली होती. गाड्या आता उत्तरेला लागल्या. तीन तारखेला पुन्हा उलट. नगरपरिषदेचा ठराव असा होता की विषम तारखेला गाड्या दक्षिणेला लावायच्या आणि सम तारखेला उत्तरेला. ज्या बाजूला गाड्या लागणार त्या बाजूनं त्या दिवशी जागा करून द्यायची, हे ओघानंच आलं, आणि शिंपी गल्लीनं ते पहिल्या दिवसापासून पाळलं. बाकीच्या गावाला साधं डावीकडून चालणं जमत नाही, तिथं ही गल्ली तारखेवार चालू लागली.

या ठरावाच्या सूचक होत्या वत्सलाबाई हेंद्रे, वॉर्ड नंबर सहाच्या मेंबर. गल्लीतल्या कोंडीसाठी त्या चौदा वर्षं भांडत होत्या. दहा पावलांचा रस्ता, त्यातून बाजार समितीकडून स्टँडकडं जाणारी सगळी वाहतूक. चार ओटे फुटले होते, शाळेच्या रिक्षा तासतास अडकत होत्या, आणि प्रत्येक मुख्याधिकारी येऊन पाहून, चहा पिऊन बदलून जात होता. वत्सलाबाईंनी शेवटी सभागृहात उभं राहून सांगितलं की आमच्या गल्लीतून कोणती गाडी कशी जाईल हे आम्ही ठरवणार, जिल्ह्याच्या कचेरीतला माणूस नाही. ठराव एकमतानं पास झाला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या तीन नगरपरिषदांची माणसं गल्ली बघायला आली. वत्सलाबाई त्यांना सम-विषमच्या पाट्या दाखवत फिरल्या, आणि इरकलचा पदर त्यांच्या खांद्यावर एकदासुद्धा घसरला नाही.

ठरावावर हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. तीस दिवसांत एकच हरकत आली. ती वत्सलाबाईंच्या वडिलांची होती.

एकनाथ पोरे, गल्लीचे अण्णा, वय ब्याऐंशी, कोटाचं कटिंग करणारे गावातले शेवटचे मास्तर. त्यांचं घर दक्षिण बाजूला, वत्सलाबाईंच्या सासरच्या अगदी समोर. बावीस वर्षांच्या वत्सलाबाईंची, म्हणजे अण्णांच्या वच्छीची, वरात निघाली तेव्हा बँडवाल्यांचं गाणं सुरू होण्याआधीच ती सासरी पोचली होती, असं गल्लीत अजून सांगतात. अण्णांनी हरकतीच्या अर्जात एकच ओळ लिहिली होती, की महिना एकतिसाचा असला तर काय करणार. वत्सलाबाईंना राग आला होता. चौदा वर्षांत अण्णांनी त्यांच्या मेंबरकीबद्दल बरावाईट एक शब्द काढला नव्हता, आणि काढला तो हा. अर्जावर नेहमीचा शेरा पडला, हरकत निकाली काढण्यात येत आहे.

नियमाची बाकीची कलमं गल्लीनं आपली आपण शिकून घेतली. भोंगा एक मिनिट वाजतो. तेवढं एक मिनिट दोन्ही बाजू समोरासमोर असत. भोंगा सुरू व्हायच्या आत गाड्या काढाव्या लागत. एका वकिलानं स्कूटर काढली नाही, तर ती पिशांच्या स्वयंपाकघरात गॅसच्या शेजारी सापडली. गल्लीचा माणूस गल्लीबाहेर असला, अगदी पुण्याला मुलाकडं गेला असला, तरी त्याची तारीख त्याच्याबरोबर जाई. बाहेरच्यांना मात्र रोजच्या सगळ्या तारखा होत्या. डॉक्टर, दूधवाला, पोस्टमन दोन्हीकडं जात-येत.

ज्या दिवशी आपण नसू त्या दिवसाचं काही जाणवत नसे. भोंगा थांबे आणि लगेच पुन्हा सुरू होई. तेवढ्यात समोरच्यांचा एक दिवस होऊन गेलेला असे. त्यामुळं रोज लागोपाठ दोन मिनिटं मिळत. पहिल्या मिनिटाला वत्सलाबाई रस्ता ओलांडून अण्णांच्या हातात डबा देत, आणि दुसऱ्या मिनिटाला अण्णांची सून, कमलवहिनी, तोच डबा धुऊन परत देई. पहिल्या मिनिटाला अण्णांची दाढी वाढलेली असे, दुसऱ्या मिनिटाला केलेली. कधी पहिल्या मिनिटाला ते हसत आणि दुसऱ्याला खोकत असत.

आणि भोंगा थांबताना ज्याचा पाय ज्या बाजूला, तो त्या बाजूचा. हे कळल्यावर लोकांनी चटकन वाट शोधली. पतंग्यांची नवी सून तेजश्री माहेरी राहायला म्हणून भोंग्याच्या वेळी दक्षिणेकडं गेली आणि तिथंच थांबली. साडेआठला टोइंगची गाडी आली. तिला पुढच्या सीटवर बसवून अग्निशामकच्या शेडमागच्या आवारात नेलं, दुपारी जेवायला पोळीभाजी दिली आणि दुसऱ्या दिवशी आठला सासरच्या दारात सोडलं. तेजश्री रडत वत्सलाबाईंकडं आली. तिच्या आईचे गुडघे दुखत होते. वत्सलाबाईंनी तिला पाणी दिलं आणि सांगितलं की आज तुला सोडलं तर उद्या सगळ्यांना सोडावं लागेल, मग गल्लीत आणि बाजारात फरक काय राहिला. असे सात जण आले. सातही जणांना त्यांनी तेच सांगितलं. नगराध्यक्षांनी सर्वसाधारण सभा विषम तारखांना ठेवायला सुरुवात केली होती आणि सभेत प्रत्येक वेळी शिंपी गल्लीचं नाव निघे. घरी येताना त्या मुद्दाम गल्लीच्या तोंडापासून चालत येत. आपण आखलेला रस्ता पायाखाली वेगळा लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

सोळा डिसेंबरला डॉक्टरांनी अण्णांना तपासलं. सतरा तारखेच्या मिनिटात कमलवहिनीनं रस्त्याच्या मधोमध उभं राहून सांगितलं, की डॉक्टर म्हणाले तीन महिने. फुप्फुसाचं आहे. या वयात चिरफाड करण्यात अर्थ नाही. तेवढ्यात भोंगा थांबला.

वत्सलाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुपारी त्यांनी कालनिर्णयाची पानं उलटली आणि पेन्सिलीनं सम तारखांवर टिंबं केली. तीन महिने म्हणजे नव्वद दिवस. अण्णा फक्त सम तारखेला असतात. म्हणजे नव्वद दिवस जूनच्या मध्यापर्यंत पुरतील. त्यांनी डॉक्टरांना दवाखान्यात जाऊन विचारलं, की मधल्या दिवशी आजार वाढतो का. डॉक्टर म्हणाले, "नाही. तो त्यांच्याबरोबर जातो आणि त्यांच्याबरोबर येतो."

परत येताना वत्सलाबाईंना रडू आलं आणि त्याच वेळी अभिमानानं छाती भरून आली. कुठल्या मुलीनं बापाला नव्वदाचे एकशे ऐंशी करून दिले होते? मुंबईचे डॉक्टर जे देऊ शकले नसते ते हरणखेड नगरपरिषदेच्या ठरावानं दिलं होतं. फक्त त्या दिवसांतली रोजची दोनच मिनिटं त्यांच्या वाट्याची होती. समोर जाऊन एक दिवस अण्णांच्या उशाशी बसावं, एवढंच त्यांना हवं होतं. सात जणांना नाही म्हटलेली बाई ते करू शकत नव्हती. नवरा सदाशिव म्हणाला, की टोइंगवाले तुझेच आहेत, ते तुला काय उचलतील? वत्सलाबाई म्हणाल्या, "म्हणून तर मी जाणार नाही."

मग त्यांनी ओटा वाढवला.

तसा तो सगळ्यांनीच वाढवायला घेतला होता. आपल्या तारखेला समोरची बाजू नसते, समोर गाड्यांची ओळ आणि मधे ऐसपैस रस्ता. मग कुणी एक पायरी पुढं घेतली, कुणी पत्र्याची पडवी काढली, कुणी कटिंगचं टेबल मांडून त्याला तीन भिंती बांधल्या. वाहतुकीला काही अडत नव्हतं. भोंग्याच्या मिनिटात रस्ता थोडा अरुंद दिसे, पण तेव्हा गाड्या नसत, आणि डबे द्यायला उलट सोयीचं झालं होतं. जानेवारीत दहा पावलांची आठ झाली, मग सहा. शिंपी लोकांना शिवणीत कापड सोडायची सवय असते. इथं कुणी एक बोटही सोडलं नाही. वत्सलाबाईंना अतिक्रमण दिसत नव्हतं असं नाही. बाकीच्या वॉर्डात त्यांनी टपऱ्या हलवल्या होत्या. पण गवंडी ओट्याची नवी फरशी बसवत असताना त्या स्वतः दोरी धरून उभ्या राहिल्या, कारण त्या फरशीच्या टोकावर उभं राहिलं की अण्णांचे डोळे दिसत. समोरून अण्णांनीही आपलं मशीन पडवी काढून पुढं आणलं होतं.

एकतीस डिसेंबरच्या मागोमाग एक जानेवारी आली. दोन्ही विषम. उत्तर बाजू दोन दिवस सलग राहिली आणि एक तारखेच्या भोंग्याला समोर कुणी आलंच नाही, भरलेले डबे तसेच राहिले. दोन तारखेला दक्षिणेनं डबे उघडले तेव्हा भाजी आंबलेली होती. त्यांना ती आत्ताच मिळाली होती. तशी ती एकवीस घरं एकदम ओट्यावर येऊन उभी राहिली आणि त्या मिनिटात सगळ्यांनी मिळून एकच विचारलं, की आमचा दिवस कुठं गेला. जानेवारीच्या शेवटी तसंच झालं. दक्षिणेच्या रंगनाथ माळवद्यांनी हिशेब केला. वर्षात उत्तरेला एकशे शहाऐंशी दिवस आणि दक्षिणेला एकशे एकोणऐंशी. सात दिवस कमी. अण्णा त्या घोळक्यात नव्हते. ते मशिनवर बसून बटणं लावत होते आणि त्यांनी मान वर केली नाही, तेच वत्सलाबाईंना जास्त लागलं.

त्यांनी निकाली काढलेला अर्ज फायलीतून बाहेर काढला. मुख्याधिकारी जगतापांना तो दाखवून त्या म्हणाल्या, की माझी चूक झाली, हरकत बरोबर होती. जगताप बिचारे सज्जन. ते म्हणाले, "ताई, दिनदर्शिका नगरपरिषदेच्या अखत्यारीत येत नाही. वाहतूक येते." वत्सलाबाई रात्रभर विचार करून दुसऱ्या सकाळी कचेरीत गेल्या. एकतीस तारखेला गल्लीत वाहनबंदी करायची. गाडीच लागणार नसेल तर कुणालाच जागा करून द्यावी लागणार नाही. दोन्ही बाजू दिवसभर राहतील. वर्षातून सात दिवस गल्ली अख्खी, आणि दक्षिणेचे सातही दिवस भरून निघतील. फेब्रुवारीच्या सभेत ठराव पास झाला. अंमल एकतीस मार्चपासून. यावेळी एकही हरकत आली नाही.

त्यांनी कालनिर्णयावर नवा हिशेब मांडला. एकतीस मार्चला अण्णांचा एक दिवस आगाऊ खर्च होणार होता. तो पूर्ण दिवस त्या अण्णांजवळ बसणार होत्या, नियमानं, ताठ मानेनं, कुणाच्या नजरेला नजर भिडवून. त्यांना तो सौदा परवडला.

मार्चभर दोन्ही बाजूंनी तयारी केली. अख्ख्या गल्लीची पंगत बसवायची ठरलं होतं. उत्तरेनं एकोणतीस तारखेला पंगतीसाठी फरशा पुढं घातल्या आणि वर पत्रे टाकले. तीस तारखेच्या मिनिटात दक्षिणेनं ते पाहिलं. आम्हीही काही कमी नाही म्हणून त्यांनी तीस तारखेच्या दिवसभरात आपल्याकडून तेवढ्याच फरशा आणि तेवढेच पत्रे पुढं आणले. कुणी कुणाला विचारलं नाही. विचारायला एक मिनिट होतं आणि त्यात सगळे डबे देत होते.

एकतीस मार्चला भोंगा वाजला, थांबला, आणि दोन्ही बाजू जागेवर राहिल्या. वत्सलाबाईंनी दार उघडलं. समोर अण्णांची खोली होती.

रस्ता राहिला नव्हता. त्यांच्या ओट्याची फरशी अण्णांच्या पडवीच्या फरशीला लागली होती आणि मधे सांधा दिसत नव्हता. वर पत्र्याला पत्रा भिडलेला. डावीकडं पतंग्यांच्या माजघरातून तेजश्री थेट आपल्या आईच्या न्हाणीघरात शिरली होती आणि तिच्या गुडघ्यांना तेल लावत होती. शाळेतली मुलं तीन स्वयंपाकघरं आणि एक देवघर ओलांडून गल्लीबाहेर पडत होती, आणि प्रत्येक घरात त्यांच्या हातावर काहीतरी ठेवलं जात होतं. टोइंगची गाडी चौकात येऊन गेली. तिला आत शिरायला गल्ली सापडली नाही.

पंगतीला जागा नव्हती, म्हणून घराघरांतून एकच लांब पंगत बसली, भिंतीमागून भिंतीमागं. वाढपी एका टोकाला वरण घेऊन निघाला की दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत ते निवत असे, तरी लोक मागून मागून जेवले. वत्सलाबाईंनी अण्णांना आपल्या हातानं भात कालवून दिला. अण्णा थोडं खात, थोडं खोकत. त्यांनी ठरावाबद्दल काही विचारलं नाही आणि वत्सलाबाईंनी काही सांगितलं नाही. दुपारी ते निजले. त्या उशाशी बसल्या. झोपेत त्यांची बोटं अंगठ्याला घासून काहीतरी मऊ चाचपत होती. चार वाजता त्यांनी चहा मागितला, बशीत ओतून प्यायले, आणि म्हणाले की आज ऊन कुठं गेलं. वत्सलाबाई म्हणाल्या, पत्रे आहेत वर. अण्णा म्हणाले, "छान झालंय."

ते पत्र्यांबद्दल म्हणाले की दिवसाबद्दल, हे त्यांनी विचारलं नाही. एवढं कौतुक त्यांना बापाकडून आजवर मिळालं नव्हतं आणि ते सांडू नये असं त्यांना वाटत होतं.

सकाळी, एक एप्रिलला, आठ वाजता भोंगा सुरू झाला. तारीख विषम. आता दक्षिणेनं जायचं होतं. कमलवहिनीनं डबा भरून घेतला. वत्सलाबाईंनी अण्णांच्या पायावर डोकं ठेवलं आणि मिनिट भरायच्या आत मागं सरकून आपल्या फरशीवर उभ्या राहिल्या. निदान आपली फरशी इथून सुरू होत असावी असं त्यांना वाटलं.

भोंगा थांबला नाही.

लोकांनी आधी घड्याळाकडं पाहिलं. आठ वाजले होते. बराच वेळ गेल्यावर पुन्हा पाहिलं. आठच वाजले होते. शाळेतून प्रार्थनेचा आवाज आला नाही. स्टँडवरून आठची कोल्हापूर गाडी निघाल्याचा आवाज आला नाही. चौकात दूधवाला एक पाय जमिनीवर टेकून सायकल धरून उभा होता आणि पुढं निघत नव्हता. मग वत्सलाबाईंचा फोन वाजला. जगताप साहेब होते. भोंग्याच्या वर मोठ्यानं बोलत ते म्हणाले, की ताई, भोंगा बंद होत नाही, बटण काढून माझ्या टेबलावर ठेवलंय तरी वाजतोय. तुमची दक्षिण बाजू जात नाही तोवर आठ सरणार नाहीत. गाव अडकलंय.

"बाजू निघायला मधे रस्ता लागतो," वत्सलाबाई म्हणाल्या.

"तो कुठून काढायचा ते इथून आम्ही कसं सांगणार? रस्ता तुमच्या वॉर्डातला आहे. निर्णय तुमचा."

फोन ठेवला तेव्हा अख्खी गल्ली त्यांच्याकडं पाहत होती, एका घरातून दुसऱ्या घरात, दारामागच्या दारातून. चौदा वर्षं त्यांनी हेच मागितलं होतं, की निर्णय आमचा असावा. त्यांनी मनाशी बोटं मोजली. कालचा दिवस खर्ची धरून अण्णांचे अडतीस राहिले होते. रोजचीच वाहनबंदी करून गल्ली अशीच ठेवली तर ते आठ मेपर्यंत जवळ असतील, रोज, दिवसभर, हाताच्या अंतरावर. रस्ता मोकळा झाला तर चौदा जूनपर्यंत असतील. रोजची दोन मिनिटं, आणि मधे एकतीस मेचा एक अख्खा दिवस.

अण्णा खुर्चीवरून उतरले. कमलवहिनी धरायला गेली, त्यांनी तिला हातानं थांबवलं. ते गुडघ्यांवर बसले आणि कापायच्या आधी लोकरी कापड चाचपावं तशी त्यांनी फरशी तळव्यानं चाचपली, इकडून तिकडं, दोनदा. मग खिशातून खडूची वडी काढून त्यांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक रेघ ओढली. रेघ सरळ आली. ती पुढं पतंग्यांच्या घरात गेली, तिथून पिशांच्या, आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाताना सगळ्यांनी पाहिली.

कमलवहिनीनं न सांगता मोठी कात्री आणून दिली.

"इथनं काढायचा का रस्ता?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, अडतीस राहिलेत."

"ठाऊक आहे. मी पण मोजतो." त्यांनी खोकला येऊ दिला, जाऊ दिला. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "मेंबर तू आहेस, वच्छे. तू सांगशील तिथनं कापतो."

वत्सलाबाईंना अभिमान वाटला. अण्णांनी कात्रीची पाती उघडली आणि खालचं पातं फरशीच्या कडेखाली घातलं. ते सहज आत गेलं. त्या फटीतून रस्त्यावरची धूळ आणि ट्रकच्या डिझेलचा वास वर आला. अण्णा थांबले आणि त्यांनी लेकीकडं पाहिलं. भोंगा वाजतच होता.

वत्सलाबाई रेघेच्या अलीकडं गुडघ्यांवर बसल्या, आणि त्यांनी दोन्ही हातांनी आपल्या बाजूची फरशी घट्ट ताणून धरली.